बोटावरचा आकडा

२०२०च्या मार्चपासून फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग कोरोनाच्या सूचना. आमच्या गावात पोरांनाही त्या पाठ होत्या. पण मनात शंका असली तर त्या आवाजाला विचारायचं कसं?

१५ सप्टेंबरला राज्य सरकारनं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू केली आणि पथकं घरोघर निघाली. मी आशा सेविका. ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. ऑक्सिजन ९५च्या खाली असला तर पुढच्या तपासणीला पाठवायचं.

लोक दार लावून घेत. रोगापेक्षा उचलून नेण्याची भीती मोठी होती. एका आजींनी हात पदराखाली लपवला. “पोरी, कमी दाखवलं तर न्हेत्यात ना गं मला?” मी आधी माझंच बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं. मग सांगितलं, की या आजारात धाप लागण्याआधीच रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो, माणूस मात्र बोलत-चालत असतो. हात गार असले, नखांवर मेंदी असली तरी आकडा चुकू शकतो. म्हणून गार हात चोळून पुन्हा मोजायचं. भिंतीवरच्या फलकात एवढं मावत नाही.

खाट मिळेल का, शेळ्या कोण बघेल, हेही लोक विचारायचे. या प्रश्नांचं उत्तर हाताशी असल्याशिवाय कुणाला घाबरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आजींचा आकडा ९७ आला. त्यांनीच सुनेला हाक मारली, “ये गं, तुझंबी बघून घे.”