रग्बी : पंधरा क्रमांक आणि खेळाडूची मान

दूरचित्रवाणीवर रग्बीचा सामना प्रथमच पाहणाऱ्यास ती तीस धिप्पाड गड्यांची झोंबाझोंबी वाटते. कबड्डीतील साखळी आपल्याला सहज कळते, कारण तो खेळ आपल्या मातीतला आहे. रग्बीची रचना मात्र कोणी उलगडून सांगितल्याखेरीज ध्यानात येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मला या खेळाची गोडी लागली ती त्याच्या नियमांमुळे. त्यांतील कित्येक नियम दुखापतींच्या कटू अनुभवांतून जन्मले आहेत.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात आणि सामना 80 मिनिटे चालतो. चेंडू घेऊन धावता येते, लाथेने तो पुढे मारता येतो. पण हाताने द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. सारे डावपेच या एका बंधनातून निर्माण होतात. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेवर वा तिच्या पलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’चे 5 गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकचे 2, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे 3. पकडून खाली पाडलेल्याने चेंडू सोडायचा आणि पकडणाऱ्याने त्याला. मग पडलेल्या चेंडूवर दोन्ही बाजूंचे गडी उभ्यानेच झुंजतात. यास ‘रक’ म्हणतात.

पाठीवरचा क्रमांक म्हणजे खेळाडूचे काम. 1 ते 8 हे फॉरवर्ड, चेंडू मिळवणारे. 1 आणि 3 हे प्रॉप, स्क्रमचे खांब. त्यांच्या मधला 2 क्रमांकाचा हूकर पायाने चेंडू मागे ओढतो. 4 आणि 5 हे उंच लॉक. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर होणाऱ्या ‘लाइन-आउट’मध्ये सहकारी बहुधा यांनाच वर उचलतात, आणि त्यांच्याकडे चेंडू फेकतो तोही प्रथेने हूकरच. 6 आणि 7 हे फ्लँकर पकडी करण्यात आणि चेंडू हिरावण्यात वाकबगार. 8 क्रमांकाचा गडी स्क्रमच्या शेपटाशी असतो. 9 क्रमांकाचा स्क्रम-हाफ हा दुवा, तर 10 क्रमांकाचा फ्लाय-हाफ पळायचे, पास द्यायचा की किक मारायची हे ठरवतो. 12 व 13 सेंटर, 11 व 14 वेगवान विंगर आणि 15 क्रमांकाचा फुल-बॅक शेवटचा पहारेकरी.

आपला खरा संबंध येतो तो स्क्रमशी. आंतरराष्ट्रीय सामन्यात एका बाजूच्या आठ जणांचे एकत्रित वजन 900 किलोच्या आसपास भरते आणि त्यांचा रेटा पहिल्या फळीतील तिघांच्या खांद्या-मानेतून पुढे जातो. स्क्रम कोसळला आणि वाकलेल्या मानेवर मागचा भार आला, तर ग्रीवेचे मणके निखळून मज्जारज्जू कायमचा जायबंदी होऊ शकतो. पूर्वी दोन्ही फळ्या अंतर ठेवून एकमेकींवर आदळत. 2013 पासून प्रॉपनी आधी एकमेकांना धरायचे आणि मगच भिडायचे, असा क्रम आला. बाथ विद्यापीठातील संशोधनात यामुळे भिडण्याचा आघात सुमारे पाव हिश्श्याने घटल्याचे दिसले. पहिल्या फळीत प्रशिक्षित खेळाडूच हवा. तसा उपलब्ध नसेल, तर स्क्रम रेटारेटीविना होतो.

स्थानांचे हे महत्त्व 28 ऑक्टोबर 2023 रोजी फ्रान्समधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रत्ययास आले. स्पर्धा चालू असताना दक्षिण आफ्रिकेचा हूकर माल्कम मार्क्स जायबंदी झाला. त्याच्या जागी संघाने दुसरा हूकर न बोलावता फ्लाय-हाफ हान्द्रे पोलार्ड याला बोलावले. अंतिम सामन्यात राखीव आठांपैकी सात फॉरवर्ड ठेवले, जेणेकरून उत्तरार्धात ताज्या दमाचे गडी उतरावेत. पण पहिल्या काही मिनिटांतच हूकर बोंगी म्बोनाम्बीचा गुडघा दुखावला. पुढे फ्लँकर म्हणून स्थिरावलेल्या, पण पूर्वी हूकर राहिलेल्या 37 वर्षांच्या डिऑन फोरीला उरलेला जवळजवळ संपूर्ण सामना ते स्थान सांभाळावे लागले. लाइन-आउटमध्ये संघ डळमळला. तरीही आफ्रिका 12-11 अशी जिंकली. एकही ट्राय न करता मिळालेले ते बाराही गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे होते!

त्याच सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याने उंच पकड केली आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागली. आधी पिवळे कार्ड, मग पुनरावलोकनात लाल. संघ सुमारे पन्नास मिनिटे चौदा जणांनिशी खेळला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीतील ते पहिलेच लाल कार्ड. एवढ्या मोठ्या प्रसंगीही पंचांनी डोक्याला झुकते माप दिले, हे मला मोलाचे वाटते. कारण काळ पूर्वी असा नव्हता. वेल्सचे विख्यात फुल-बॅक जे. पी. आर. विल्यम्स पुढे अस्थिशल्यचिकित्सक झाले. 1978 मध्ये एका सामन्यात त्यांचा चेहरा बुटाखाली फाटला. डॉक्टर असलेल्या वडिलांनी सुमारे तीस टाके घातले आणि ते पुन्हा मैदानात उतरले! त्या धैर्याची कथा आजही कौतुकाने सांगितली जाते. आज मात्र कोणताही डॉक्टर तशी परवानगी देणार नाही.

आता आपल्या कर्तव्याविषयी. आपल्याकडेही शाळा-महाविद्यालयांतून, विशेषतः सात जणांची रग्बी रुजत आहे, आणि सामन्यासाठी ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही या’ असे बोलावणे आपल्यापैकी कोणालाही येऊ शकते. दूरचित्रवाणीवर खेळाडू डोक्याच्या तपासणीसाठी बारा मिनिटे बाहेर जाऊन परतताना दिसतो. ती सवलत प्रशिक्षित वैद्यक, चित्रफीत आणि आधी नोंदवलेली मूळ चाचणी हाताशी असणाऱ्या व्यावसायिक खेळापुरती आहे. शालेय मैदानावर नियम एकच : मेंदूला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. प्रशिक्षक गळ घालतील, मूल रडेल, पालक ‘काही झालेले नाही’ म्हणतील. मानेत वेदना किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर मान स्थिर केल्याखेरीज त्याला हलवू देऊ नये. खेळ तेवढा वेळ थांबेल.

माझ्याकडे येणारे पालक विचारतात, ‘मुलाला हा खेळ खेळू द्यावा का?’ मी सांगतो, जरूर द्यावा; मात्र पकड शिकवताना डोके कुठे ठेवायचे हे आधी शिकवणारा प्रशिक्षक शोधावा, आणि सामन्याच्या दिवशी रेषेबाहेर ‘नाही’ म्हणू शकणारा डॉक्टर उभा आहे ना, हे पाहावे. पंधरा क्रमांकांच्या या खेळात ते सोळावे स्थान आपले आहे.