साध्या रक्तचाचणीतून धोक्याची पूर्वसूचना
विषाणूजन्य श्वसनविकारात सीबीसी आणि सीआरपी काय सांगतात?

ताप, सर्दी आणि खोकला झालेल्या बहुतेक रुग्णांना चार-पाच दिवसांत आराम पडतो. काहींचा आजार मात्र आठवडा उलटता उलटता फुप्फुसात उतरतो आणि त्यांना प्राणवायूची गरज भासू लागते. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो, तो हाच. कोणावर घरीच उपचार करायचे आणि कोणाला वेळ न दवडता लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयात हलवायचे? या निर्णयात दोन साध्या रक्तचाचण्या मोलाची मदत करतात.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी गेला, तेव्हा सर्वांचे लक्ष घशातील स्रावाच्या तपासणीकडे लागले होते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीतही तेच घडले. परंतु ही तपासणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. आजार कोणते वळण घेईल, हे तिच्यावरून कळत नाही.

दोन पेशींचे गुणोत्तर

सीबीसी ही रक्तपेशींची नेहमीची मोजणी. तिच्यात पांढऱ्या पेशींचे प्रकारही मोजले जातात. शरीरात दाह वाढला की न्यूट्रोफिल पेशी वाढतात, तर विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी गंभीर आजारात रक्तातून घटतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की गुणोत्तर मिळते. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर गुणोत्तर २ येते. तेच ८० आणि १० झाले, तर ते ८ वर जाते. निरोगी प्रौढांमध्ये ते साधारणपणे १ ते ३ असते. २०२० मध्ये बीजिंगमधील ६१ कोरोना रुग्णांच्या अभ्यासात वय ५० वा अधिक आणि गुणोत्तर ३.१३ वा अधिक असलेल्यांना गंभीर आजाराचा धोका जास्त आढळला. अभ्यास लहान होता. त्यामुळे हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

यकृताचा इशारा

सीआरपी हे दाह वाढताच यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. ब्रिटनमधील ३५ हजारांहून अधिक कोरोना रुग्णांच्या माहितीवरून २०२० मध्ये मृत्यूचा धोका वर्तविणारी गुणांकन पद्धत तयार झाली. तिच्यातील आठ घटकांपैकी रक्तचाचण्या दोनच आहेत, युरिया आणि सीआरपी. वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, प्राणवायूची पातळी आणि शुद्धीची अवस्था हे उरलेले सहा घटक रुग्णाजवळ बसूनच कळतात.

अहवाल वाचताना एककाकडे लक्ष हवे. काही प्रयोगशाळा सीआरपी प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही प्रतिडेसिलिटर. ७.५ आणि ७५ हे आकडे एकाच स्थितीचे असू शकतात.

आकड्यांची मर्यादा

दाताला पू झाला वा जखम चिघळली, तरी सीआरपी वाढतो. जिवाणूंच्या संसर्गात तर तो बराच चढतो. स्टिरॉइड घेतल्यास न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि सीआरपी उतरतो. अशा वेळी एक आकडा उगाच घाबरवतो, तर दुसरा खोटा दिलासा देतो. मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य लक्षणे आणि प्राणवायूची पातळी चांगली असलेल्यांना अशा चाचण्यांची गरज नसल्याचे स्पष्ट केले होते. नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून स्टिरॉइड सुरू करणे घातकही ठरू शकते. प्राणवायूची गरज नसलेल्या कोरोना रुग्णांना डेक्सामेथासोनचा लाभ होत नसल्याचे २०२० मधील ब्रिटिश चाचणीत दिसून आले.

चाचणी कधी?

ताप उतरत नसेल, रुग्ण वयस्कर असेल किंवा त्याला मधुमेह, हृदयविकार वा दम्यासारखा आजार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चाचणी करावी. एका अहवालापेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन अहवालांतील चढ-उतार अधिक बोलका असतो. आजाराचा कितवा दिवस आहे आणि कोणती औषधे घेतली, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. प्राणवायूची पातळी ९४ च्या खाली गेली, धाप लागली किंवा रुग्णाला ग्लानी आली, तर अहवालाची वाट पाहत बसू नये. रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे.