पाठीवरचे बिऱ्हाड आणि बेटावरचा हिशेब

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत कौतुकाने क्वचितच वापरली जाते. ज्याला ठावठिकाणा नाही, त्याच्याबद्दल ती बोलली जाते. मात्र गेल्या पन्नास वर्षांत पर्यटनाची एक संपूर्ण शाखा या पाठीवरच्या बिऱ्हाडावर उभी राहिली आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दाम्पत्याने १९७३ मध्ये आशियातून कमीत कमी खर्चात प्रवास कसा करावा, याची छोटी पुस्तिका काढली. त्यातूनच पुढे ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. एक पाठपिशवी, दोन-तीन कपड्यांचे जोड, समुद्रकाठची बांबूची झोपडी आणि हाताशी भरपूर वेळ, हे चित्र तेव्हापासून जगभरच्या तरुणांच्या मनात घर करून आहे.

भारतीयांना त्यासाठी थायलंड किंवा फिलिपिन्स गाठण्याची गरज नाही. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये नामांतर झालेल्या श्री विजयपुरमपासून, ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर हॅवलॉक बेट आहे. ३० डिसेंबर २०१८ रोजी त्याचे नाव ‘स्वराज द्वीप’ झाले. लोकांच्या तोंडी मात्र हॅवलॉकच टिकून आहे. मुंबई-पुण्याहून सहलीसोबत जाणारा पर्यटक बहुधा सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहतो, हॅवलॉकला एक-दोन रात्री काढतो, राधानगर किनाऱ्यावर छायाचित्रे घेतो आणि परततो. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम म्हणून गौरवलेला हा किनारा खरोखरच सुंदर आहे. पण बेट काय असते, हे कळायला दोन रात्री पुरत नाहीत. पाठीवर पिशवी टाकून आठ-दहा दिवसांसाठी येणाऱ्याला ते कळू लागते, आणि त्याची सुरुवात घड्याळापासून होते.

घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, सूर्य मात्र ९३ अंश पूर्व रेखांशाचा, अशी येथील स्थिती आहे. मुंबईपेक्षा येथे सूर्य सुमारे ऐंशी मिनिटे आधी डोक्यावर येतो. डिसेंबरात पहाटे पाचच्या सुमारास फटफटते आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. सकाळी नऊला उठणाऱ्या शहरी माणसाचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड झोपेतच जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आपोआप लवकर उठू लागतो, रात्री नऊला पेंगू लागतो. साधे जगणे म्हणून ज्याचे कौतुक केले जाते, त्यातला बराच भाग असा भूगोलाने लादलेला असतो.

पाण्याचेही तसेच. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसानंतर टंचाई कसली, असा प्रश्न कोकणातल्या वाचकाला पडणार नाही. उतार तीव्र, ओढे आखूड, समुद्र हाकेच्या अंतरावर. पडलेले पाणी धरून ठेवायला जागाच नाही. जानेवारी ते एप्रिल हे महिने कोरडे जातात आणि पर्यटकांची गर्दीही नेमकी त्याच काळात असते.

किनारपट्टीवरच्या विहिरींचे गणित तर अधिकच नाजूक आहे. मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर ढोबळ नियमानुसार त्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. हाच नियम उलट्या दिशेनेही लागू होतो. बेसुमार उपशाने वरची पातळी एक मीटर उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. एकदा खारावलेली विहीर एखाद्या पावसाळ्याने सुधारेलच असे नाही. बादली-तांब्याच्या अंघोळीला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. शॉवरखाली तेवढे दोन मिनिटांत संपते. झोपडीतली बादली ही गैरसोय आहे की शहाणपण, हे त्या विहिरीकडे पाहून ठरवावे लागते.

उरलेले सगळे जहाजाने येते. भाजीपाला आणि नारळ-सुपारी येथे पिकते, मासळी आहेच. शेजारचे नील बेट, म्हणजे आजचे शहीद द्वीप, तर भाजीसाठीच प्रसिद्ध आहे. पण धान्य, सिमेंट, औषधे, स्वयंपाकाचा गॅस आणि वीजनिर्मितीसाठीचे डिझेल मुख्य भूमीवरून येते. चेन्नईहून निघालेल्या प्रवासी जहाजाला अंदमान गाठायला अडीच-तीन दिवस लागतात. तेथून हॅवलॉकपर्यंत सरकारी बोटीने आणखी सुमारे अडीच तास. पंख्याला ताशी पाऊण युनिटाचा दहावा हिस्सा वीज लागते. दीड टनी वातानुकूलन यंत्राला साधारण वीस पंख्यांइतकी. ते डिझेल समुद्र ओलांडून आलेले असते, हे खोलीच्या भाड्यात कोठेही लिहिलेले नसते.

हवामान बिघडले की हा सगळा व्यवहार ठप्प होतो. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढले. मोबाइल आणि इंटरनेटचा भरवसाही तेव्हा फारसा नव्हता. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झाली. ज्याचे परतीचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असते, त्याच्यासाठी असे वादळ आपत्ती ठरते. पाठपिशवीवाल्याच्या गाठीशी दोन दिवस अधिकचे असतात आणि कधी कधी त्याचा खरा ऐवज तेवढाच असतो.

ज्या साधेपणाचा पर्यटकांना हेवा वाटतो, त्याबद्दल बेटवासीयांचे मत काय? हॅवलॉकचे बहुसंख्य रहिवासी फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचे वंशज आहेत. सरकारने १९५० च्या दशकात त्यांना येथे जमिनी देऊन वसवले. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर या गावांच्या नावांतून त्यांची वैष्णव परंपरा आजही डोकावते. जंगल तोडून भातखाचरे तयार करणाऱ्या त्या पहिल्या पिढीला बांबूच्या भिंती आणि ताडपत्रीसारखे शाकारलेले छप्पर हौसेने स्वीकारावे लागले नव्हते. पैसा हाती येताच त्यांनी पत्रे घातले, पुढे सिमेंट आणले. गंमत अशी की, आता तशीच झोपडी ते पर्यटकांसाठी उभारतात आणि स्वतः पक्क्या घरात राहतात. यात ढोंग काहीच नाही. गळके छप्पर आठ दिवस रम्य वाटते. आठ पावसाळे काढणे वेगळे.

खरा पेच येथून पुढे आहे. पाठपिशवीवाला जागा शोधतो, तिची कीर्ती पसरते, मग मोठी हॉटेले येतात. फिलिपिन्समधील बोराकाय बेट याच वाटेने गेले. सांडपाण्याने समुद्र इतका बिघडला की, सरकारला एप्रिल २०१८ मध्ये ते सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले. २००० साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेली थायलंडची माया बे खाडीही त्याच वर्षी बंद झाली, ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली. हॅवलॉकच्या बऱ्याच भागावर राखीव जंगल असल्याने येथील वस्ती मोजक्या पट्ट्यातच आहे. म्हणूनच प्रत्येक नव्या इमारतीचा भार त्याच थोड्या विहिरींवर पडतो. पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब खोल्यांच्या संख्येआधी मांडला जाणे आवश्यक आहे. बोराकायमध्ये तो नंतर मांडला गेला.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. कुटुंब किंवा लहान मुले सोबत असतील, तर झोपडीचा हट्ट धरू नये. वाळूतल्या बारीक माशांचा चावा आठवडाभर खाजतो. समुद्रात उतरण्यापूर्वी सूचनाफलक वाचावेत, कारण २०१० मध्ये राधानगरजवळ मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. जेटीवरून राधानगरला बस जाते, सायकलही भाड्याने मिळते. गोविंदनगरच्या बाजारात मासळी-भाताचे साधे जेवण मिळते. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि शंख-शिंपले उचलून आणण्यास मनाई आहे. आपला प्लास्टिकचा कचरा मात्र पिशवीत भरून परत नेता येतो. बेटावर टाकला, तर त्यालाही बाहेर पडायला बोटच लागते.