एका तबकडीवरील दोन मते

पियानो हे वाद्य आपल्या घरांत कधी रुळले नाही. मुंबईत पारशी व गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांच्या दिवाणखान्यांत ते होते. परंतु गिरगाव-दादरच्या चाळींत, आणि तेथून पुढे पार्ले, मुलुंड, बोरिवली येथे वस्तीस गेलेल्या आपल्या लोकांच्या बिऱ्हाडांत संगीत आले ते पेटी, तंबोरा व तबला ह्यांच्या संगतीने. जागेची अडचण आणि किंमत ही कारणे तर खरीच. पण खरे कारण त्या वाद्याच्या घडणीत आहे. पियानोची पट्टी दाबली म्हणजे आतील हातोडी तारेवर आपटते, स्वर उमटतो, आणि उमटल्या क्षणापासून तो विरू लागतो. मग वाजविणारास त्याला फुगविता येत नाही, की एका स्वरावरून दुसऱ्यावर ओढून नेता येत नाही. ज्या संगीताचा प्राण मिंडेत आहे, त्याने अशा वाद्यास दूर ठेविले ह्यात नवल ते काय?

असे असता एका कॅनेडियन पियानोवादकाच्या तबकड्यांविषयी आम्ही का लिहावे आणि वाचकांनी का वाचावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, ग्लेन गूल्ड ह्या वादकाने आपल्या आचरणाने जो प्रश्न उभा केला, तो आज आपल्या प्रत्येक घरातला आहे. यंत्रातून ऐकलेले गाणे हे गाणेच, की गाण्याची केवळ छाया? आणि छायाच असेल, तर तिच्या आधारे विद्या टिकेल काय?

गूल्ड ह्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ रोजी टोरांटो येथे झाला. पहिले धडे त्यांना आईने दिले. पुढे चिली देशातून आलेल्या अल्बेर्तो गेरेरो ह्या शिक्षकांपाशी त्यांचे शिक्षण झाले. जून १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी योहान सेबास्तियान बाख ह्या जर्मन संगीतकाराची 'गोल्डबर्ग' नावाने ओळखली जाणारी रचना वाजविली. एक मूळ धून आणि तिची तीस रूपांतरे, असे तिचे स्वरूप आहे. तबकडी १९५६ च्या आरंभी बाहेर पडली आणि तेवीस वर्षांचा हा तरुण जगप्रसिद्ध झाला. त्यांच्या बसण्याची तऱ्हाही जगावेगळी होती. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली एक घडीची खुर्ची ते गावोगाव बरोबर नेत, आणि ती मोडकळीस आली तरी त्यांनी तिला सोडिले नाही. वाजविताना ते स्वतःशी गुणगुणत, व ती गुणगुण तबकड्यांवर आजही ऐकू येते. पाश्चात्य श्रोत्यांपैकी कित्येकांस हा दोष वाटला. आपल्याकडचा श्रोता मात्र म्हणेल की, हा मनुष्य गातच आहे; बोटे त्याची साथ करीत आहेत.

बाखच्या संगीतात 'फ्यूग' नामक एक प्रकार आहे. त्यात एक लहानसा स्वरविषय प्रथम एक आवाज मांडतो. तो पुढे चालला असता दुसरा आवाज वरून अथवा खालून तोच विषय उचलतो, आणि मग तिसरा. एखाद्या वादसभेत तीन पंडितांनी एकाच सूत्रावर एकाच वेळी बोलावे आणि तरीही कोणाचा शब्द कोणाच्या शब्दात बुडू नये, तसा हा चमत्कार. तो दहा बोटांनी साधावयाचा म्हणजे प्रत्येक स्वर सुटा व स्वच्छ हवा. पियानोचा स्वर चटकन विरतो, हे आपल्या दृष्टीने त्या वाद्याचे वैगुण्य. गूल्ड ह्यांनी त्याचाच गुण केला. त्यांच्या वादनात तिन्ही पंडित निरनिराळे ओळखू येतात.

१० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजलिस येथे त्यांची शेवटची जाहीर मैफल झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, ते लोकांसमोर मैफलीत कधी वाजविण्यास बसले नाहीत. जे वाजविले ते ध्वनिमुद्रणगृहातच. मैफलीत एकदा निसटलेला स्वर परत घेता येत नाही आणि श्रोत्यांपुढे कलावंतास मल्लाप्रमाणे उभे राहावे लागते, हे त्यांस मान्य नव्हते. १९६६ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी आपलाच एक अनुभव सांगितला आहे. बाखचा एक फ्यूग त्यांनी आठ वेळा मुद्रित केला. सहावी आणि आठवी खेप निर्दोष होती. परंतु पुढे ऐकता एक फार गंभीर व दुसरी फार उल्हसित वाटली, आणि सर्वच्या सर्व ऐकण्यास दोन्ही एकसुरी. दोहोंचा वेग जवळ जवळ सारखा होता. तेव्हा आरंभ व शेवट सहाव्या खेपेचा आणि मधला भाग आठव्या खेपेचा, अशी जोडणी करून त्यांनी एक तिसरेच वादन सिद्ध केले. असे वादन कोणत्याही एका क्षणी झालेले नव्हते. गूल्ड ह्यांच्या मते ह्यात लबाडी नव्हती. ग्रंथकार पुनःपुन्हा लिहून खोडतो, तोच हा अधिकार होय.

आता दुसरे मत ऐकावे. सूरश्री केसरबाई केरकर ह्यांचा जन्म १८९२ मध्ये गोमंतकातील केरी येथे झाला. १९२१ पासून उस्ताद अल्लादियाखाँ ह्यांची तालीम त्यांना लाभली, ती खाँसाहेबांच्या १९४६ मधील निधनापर्यंत. खाँसाहेबांनी स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी होऊ दिली नाही. केसरबाईंनी काही थोड्या दिल्या. परंतु ध्वनिमुद्रणावर त्यांचे मन बसले नाही. ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. जयपूर घराण्याचा राग म्हणजे संथपणे उलगडत जाणारी, लयीच्या अंगाने गुंफलेली, अखंड आकाराची वीण. आणि त्या काळची दहा इंची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. जो राग रंगण्यास तास लागावा, त्याला तेवढ्यात काय रूप येणार? वयाची सत्तरी उलटल्यावर १९६३-६४ च्या सुमारास त्यांनीही जाहीर गाणे थांबविले. म्हणजे गूल्ड आणि केसरबाई ह्यांनी श्रोत्यांचा निरोप जवळ जवळ एकाच वेळी घेतला. गूल्ड तबकडीकडे गेले. केसरबाई मौनाकडे गेल्या.

ह्या दोन परस्परविरोधी कलावंतांस नियतीने एका तबकडीवर बसविले. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नामक दोन याने अंतराळात धाडिली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतील नमस्कार असून त्यांत मराठीही आहे. शिवाय पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांपैकी एक नमुना म्हणजे बाखच्या एका फ्यूगचे, त्याच्या प्रास्ताविक भागासह, गूल्ड ह्यांनी केलेले पियानोवादन. आणि एक म्हणजे केसरबाईंची 'जात कहां हो' ही भैरवी, साडेतीन मिनिटांची. ही निवड संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन ह्यांनी सुचविली होती. तबकडी मात्र सहजी मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. २०१२ साली ते यान सूर्यमंडळाच्या प्रभावाबाहेर, ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. ज्या मुद्रणास गानलक्ष्मीने फारशी किंमत दिली नाही, तेच तिचे नाव सर्वांत दूर घेऊन गेले.

तर मग गूल्ड बरोबर आणि केसरबाई चुकल्या, असे म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि आमचा साक्षी खुद्द गूल्ड आहेत. १९८१ मध्ये, पहिल्या मुद्रणानंतर सव्वीस वर्षांनी, त्यांनी तीच गोल्डबर्ग रचना न्यूयॉर्कच्या त्याच वास्तूत पुन्हा मुद्रित केली. १९५५ मध्ये ती सुमारे ३८ मिनिटांत संपली होती. १९८१ मध्ये तिला ५१ मिनिटे लागली. आरंभीची धून पूर्वी दोन मिनिटांच्या आत संपे, ती आता तीन मिनिटे रेंगाळते. दुसरी तबकडी १९८२ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी, पन्नासाव्या वाढदिवसानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, गूल्ड वारले. तबकडीवर कलाकृतीस अखेरचे रूप देता येते असे मानणाऱ्या ह्या मनुष्यासही आपलेच अखेरचे रूप पुरले नाही. तबकडी जेथल्या तेथे राहिली. कलावंत पुढे गेला.

केसरबाईंचे गाणे पुढे कसे गेले, हे पाहावयाचे तर फार लांब जावयास नको, बोरिवलीस जावे. कोल्हापूरच्या एका ब्राह्मण घरात १९२७ साली जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी ह्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात तेथे वास्तव्य केले. मुलीने गाणे शिकावे ह्यास घरोघर नाके मुरडली जात, त्या काळी वडिलांनी त्यांना ह्या विद्येस लाविले. अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ ह्यांच्यापाशी त्या शिकल्या, आणि १९६२ च्या सुमारास केसरबाईंच्या शिष्या झाल्या. केसरबाईंनी कोणास फारसे शिकविले नाही. धोंडूताईंस मात्र दिले. ते धन धोंडूताईंनी उपनगरातील साध्या घरात तंबोरा लावून, समोर बसलेल्यांस एकेक स्वर घोटवून, २०१४ मध्ये देह ठेवीपर्यंत वाटले. नमिता देवीदयाळ ह्या शिष्येने २००७ साली 'द म्यूझिक रूम' हे पुस्तक लिहून गुरूचे हे ऋण जगापुढे मांडिले आहे. ताऱ्यांकडे निघालेली तबकडी आणि बोरिवलीतील तालीम, ह्यांपैकी केसरबाईंच्या विद्येचा संसार कोणी चालविला, हे वाचकांनीच ठरवावे.

शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस पोथीचा दृष्टांत सुचतो. पोथी नसती तर किती शास्त्रे लुप्त झाली असती! पण पोथी उघडून अर्थ लावणारा कोणी नसेल, तर ती ताकावरची धूळच होय. तबकडीचेही तसेच आहे. ती ऐकण्यास शिकलेले कान लागतात, आणि तसे कान तबकडी स्वतः घडवीत नाही.

आज गूल्ड व केसरबाई दोघेही आपल्या खिशातील फोनमध्ये आहेत. घाटकोपर-अंधेरीच्या मेट्रोमध्ये उभी असलेली मुले इअरफोन लावून हवे ते ऐकू शकतात. आमच्या लहानपणी हे संस्थानिकांसही शक्य नव्हते. ह्या सोयीस नावे ठेवण्यात शहाणपण नाही. आमची सूचना एवढीच की, आठवड्यातून एकदा अर्धा तास घरातील सर्वांनी दुसरे कोणतेही काम न करिता ऐकावयास बसावे. प्रथम गूल्ड ह्यांची १९५५ ची धून लावावी, मग १९८१ ची, आणि शेवटी केसरबाईंची भैरवी. मुलांस फक्त विचारावे की, पहिल्या दोहोंत काय बदलले, आणि तिसरीत असे काय आहे की जे पियानोवर मुळीच वाजविता येणार नाही? उत्तर चुकले तरी चालेल. आणि ज्या मुलाच्या डोळ्यांत त्या वेळी काही निराळे दिसेल, त्यास दुसऱ्याच दिवशी जवळपासच्या एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे घेऊन जावे. फी जड वाटली तरी मागे पाहू नये.