ज्याचा त्याचा उच्चांक

सर्व्हरवर कामं एकामागून एक येत असतात. आधी एखादा मोठा व्हिडिओ, मग दोन-चार छायाचित्रं. कुठल्या कामाला जास्तीत जास्त किती मेमरी लागली हे कळलं, तर पुढच्या खेपेला तेवढीच राखून ठेवता येते. लिनक्सचा कर्नल हा हिशेब ठेवतो. प्रोसेसच्या गटाला तिथे सीग्रुप म्हणतात. त्याच्या दुसऱ्या पिढीत, २०२२ च्या ५.१९ आवृत्तीपासून, ‘मेमरी.पीक’ ही फाइल मिळते. ती वाचली की गटाने आजवर गाठलेला उच्चांक कळतो.

अडचण अशी, की उच्चांक खाली येत नाही. व्हिडिओने ४ जीबी खाल्ले, की नंतरच्या छायाचित्राने २०० एमबी घेतले तरी फाइल ४ जीबीच दाखवणार. चालू वापर दर सेकंदाला तपासत बसावं, तर मधेच क्षणभर उसळलेला वापर निसटतो.

मग आकडा सरळ पुसावा? सीग्रुपच्या पहिल्या पिढीत तशी सोय होती, पण पुसला की तो सगळ्यांसाठीच पुसला जाई. भूगोलाच्या तासाला पाहिलेला कमाल-किमान तापमापी आठवा. एकाला रोजचं कमाल तापमान हवं, दुसऱ्याला महिन्याचं. पहिल्याने सकाळी चुंबकाने दर्शक खाली आणला, की दुसऱ्याची नोंद गेलीच. त्याला पत्ताही लागत नाही, कारण उरलेला आकडा अगदी खऱ्यासारखा दिसतो. सर्व्हरवर देखरेख करणारे प्रोग्राम अनेक असतात, त्यामुळे हा धोका मला बारीकसारीक वाटत नाही.

२०२४ च्या ६.१२ आवृत्तीत यावर फार सुरेख तोड निघाली. फाइल उघडली की कर्नल उघडणाऱ्याला एक फाइल डिस्क्रिप्टर देतो. त्यातून फाइलीत काहीही लिहिलं, की मोजणी त्या क्षणाच्या वापरापासून नव्याने सुरू होते, पण फक्त त्याच डिस्क्रिप्टरमधून वाचणाऱ्यासाठी. बाकीच्यांच्या मूळ उच्चांकाला हातही लागत नाही.

यातली खरी कारागिरी वेगाची आहे. मेमरीचा हिशेब सेकंदाला लाखो वेळा होऊ शकतो. तिथे प्रत्येक निरीक्षकाचा आकडा तपासणं परवडणार नाही. म्हणून कर्नल मूळ उच्चांकाशेजारी दुसरी एकच खूण ठेवतो, निरीक्षक कितीही असोत. त्यांची यादी चाळण्याचं काम पडतं ते कुणी आकडा पुसेल तेव्हाच, तेही लॉक घेऊन, म्हणजे दोघांनी एकदम पुसलं तरी घोळ होत नाही.

टर्मिनलवर ‘एको’ने या फाइलीत लिहून पाहणारा मात्र चक्रावतो, कारण पुन्हा वाचावं तर आकडा जुनाच. शेलने फाइल उघडली, लिहिलं आणि बंद केली. डिस्क्रिप्टरबरोबर ती नवी मोजणीही संपली. प्रोग्रामने फाइल उघडीच धरायची, प्रत्येक कामाआधी लिहायचं आणि काम संपलं की फाइलीच्या आरंभाशी परतून वाचायचं.