बर्फाबाहेरचे यकृत

दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत वर्षानुवर्षे बर्फातूनच नेले जात होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात तयार केलेल्या द्रावणाने ते धुवायचे, पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि घड्याळाकडे पाहत धावायचे. थंडीने पेशींची भूक मंदावते, पण शमत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे बर्फातल्या यकृताची परीक्षा घेता येत नाही. चरबी चढलेले, वयस्क दात्याचे किंवा हृदय थांबल्यानंतर मिळालेले यकृत चालेल का, हे रंग पाहून, बोटांनी चाचपून, फार तर बायोप्सी करून ठरवावे लागते. शंका आली की नकार. आणि नाकारलेल्यांत कामाची यकृतेही निघून जातात.

ऑक्सफर्डचे शल्यविशारद पीटर फ्रेंड आणि अभियंते कॉन्स्टँटिन कूसिओस यांच्या यंत्राने ही परीक्षा शक्य केली. माणसात त्याचा पहिला वापर २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये झाला. यंत्रात यकृत ३७ अंशांवर राहते. पंप रक्त ऑक्सिजनेटरमधून ढकलतो. तिथून एक वाट थेट यकृताच्या धमनीत जाते. दुसरी वरच्या मऊ पिशवीत, आणि पिशवीतून रक्त केवळ उंचीच्या जोरावर प्रवेशिका शिरेत उतरते. शरीरातही या शिरेतला दाब कमीच असतो, म्हणून तिच्यासाठी वेगळा पंप लावलेला नाही. ही साधी युक्ती मनात भरते. थोड्याच वेळात फिकट यकृत लालसर होते, नळीतून पित्त ठिबकू लागते आणि रक्तातले लॅक्टेट उतरते. लॅक्टेट उतरणे म्हणजे यकृत कामाला लागले.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत बर्फातली २४ टक्के यकृते वाया गेली, यंत्रावरची १२ टक्के. बर्मिंगहॅमच्या गटाने तर ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृते घेतली. त्यांतली २२ कसोटीला उतरली, बसवली गेली आणि ९० दिवसांनी ते सर्व २२ रुग्ण जिवंत होते.

मात्र पुढे त्यांतल्या चौघांच्या पित्तनलिका अरुंद झाल्या आणि त्यांना दुसरे यकृत बसवावे लागले. यकृताच्या पेशींना धमनी आणि प्रवेशिका शीर दोन्हींतून रक्त मिळते. पित्तनलिकांची भिस्त मुख्यतः धमनीवर. त्यामुळे रक्त तुटले की आधी त्या होरपळतात, आणि लॅक्टेट त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या नेतृत्वाखालील चाचणीत, हृदय थांबलेल्या दात्यांच्या यकृतांना आधी दोन तास थंड, ऑक्सिजनयुक्त द्रावण दिले. त्रास देणारे अरुंदपण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. तिथे शंकास्पद यकृतातून आधी असे थंड आणि मग उबदार द्रव फिरवतात, आणि पित्ताचा नमुनाही तपासतात: निरोगी नलिका पित्त अल्कधर्मी करतात, दुखावलेल्यांना ते जमत नाही.