निद्रेंतील साक्ष

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांतील राणीस राक्षसी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. सुमारें १६०६ सालीं लिहिलेली ही शोकान्तिका शिकवितांना आम्ही अनेक वर्षें तेंच करीत आलों. सेवानिवृत्तीनंतर ती पुन्हा वाचूं लागलों, तेव्हां मात्र आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

पतीचें पत्र वाचतांच लेडी मॅक्बेथ सिंहासनाचीं स्वप्नें पाहूं लागते आणि आपलें स्त्रीत्व हिरावून घ्यावें, अशी पिशाचांस विनवणी करते. परंतु जिच्या ठायीं मुळांतच दया नाहीं, तिला अशा प्रार्थनेचें प्रयोजन काय? घरीं पाहुणा आलेल्या वृद्ध डंकन राजाचा वध तिच्या हातून होत नाहीं. कारण निजलेला राजा तिला आपल्या पित्यासारखा भासतो. खंजीर चालवितो तो मॅक्बेथ. ते खंजीर परत नेऊन ठेवतांना व निद्रिस्त सेवकांस रक्त फासतांना तिचे हात माखतात. थोड्या पाण्यानें हें सारें धुऊन जाईल, असें ती त्या रात्रीं पतीस सांगते.

पांचव्या अंकांत तीच राणी झोपेंत चालत येते आणि हातांवर नसलेला डाग चोळीत राहते. वैद्य आपला निरुपाय कबूल करतो. पुढें पडद्याआड आक्रोश होतो व राणी गेल्याची वार्ता येते.

वाचकहो, ती निर्दय नव्हती. निर्दय होऊं पाहत होती. हा भेद आम्हीं विद्यार्थ्यांस शिकवावयास हवा होता.